पाया पडावं ते कुणाच्या?



आजचं चिंतन थोडं लांबणार आहे. आणि थोडं घरातलंही आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या रविवारी शेलूला, माझ्या माहेरी, भाच्याचा साखरपुडा होता. शेलू म्हणजे आपल्या कर्जत लोकलचं वांगणी आणि नेरळच्या मधलं स्टेशन. माझ्या लहानपणी स्टेशनवर उतरलं की समोर भातशेती दिसायची. आता बिल्डिंगा दिसतात. हे मुद्दाम सांगतेय, पुढे कळेल का ते.

अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटून झाले, आणि दोघं जोडीनं सगळ्यांच्या पाया पडायला निघाले. आजी, मामा, व्याही, विहीणबाई... रांग सरकत सरकत माझ्या थोरल्या दादापाशी आली. होणारी सून वाकली. भाचा वाकला नाही. त्यानं उभ्या उभ्या हात जोडले आणि पुढच्या खुर्चीकडे गेला.

एवढंच झालं. पण तुम्हाला माहितीये, आपल्याकडे एवढंच पुरतं. वहिनींचा चेहरा पडला, कुणीतरी "आजकालची मुलं" म्हणालं, आणि जेवणाच्या पंगतीत दादा दिसलाच नाही.

रात्री गच्चीवर भाचा माझ्याजवळ येऊन बसला. पुण्यात नोकरी करतो, सकाळी कानात हरिपाठ लावून जिमला जातो, असा मुलगा. म्हणाला, "आत्या, मनात आदर नाही आणि तरी पाया पडायचं, हे खोटं नाही का? देवाला असलं नाटक चालतं?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण त्याचा राग कशाचा आहे ते मला ठाऊक होतं. वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली. आपल्याकडे बहिणी करतात तशीच, फार न विचारता. जमीन दोन्ही भावांची राहिली. मग शेलूला भाव आला, दादानं जमिनीचा एक तुकडा विकला, आणि धाकट्याला, म्हणजे या मुलाच्या बापाला, त्याचा नीट हिशोब आजवर मिळालेला नाही. आठ वर्षं झाली. धाकटा स्वभावानं गरीब. तो विचारत नाही. आणि मी? मी दर भाऊबीजेला दादापुढे वाकते. हात त्याच्या पायापासून वीतभर वरच थांबतात. हवेतला नमस्कार! भाच्यानं निदान सगळ्यांसमोर खरं ते केलं. खोटं तर मीच वागत होते.

हा प्रश्न घेऊन मी सोमवारी वाचनाला बसले.

या महिन्यात आपण नामदेवरायांचं बोट धरून पंजाबात गेलोय. शिखांच्या गुरू ग्रंथसाहेबात आपल्या नामदेवरायांची ६१ पदं आहेत, हे आपण पहिल्याच दिवशी पाहिलं. त्या वाटेनं जाता जाता सोमवारी माझ्यासमोर भाई गुरदासांच्या पहिल्या वारेतली २३वी पौडी आली. भाई गुरदास म्हणजे १६०४ साली ज्यांच्या हातून आदिग्रंथ लिहून पूर्ण झाला ते. गुरू नानकांनी जगात येऊन काय केलं, हे ते या पौडीत सांगतात. राजा आणि रंक एका पातळीवर आणले, एकमेकांच्या पाया पडण्याची रीत सुरू केली, आणि प्रेमाचा डाव असा उलटा मांडला की माथा पायांपाशी आला, असा त्याचा भावार्थ.

मी 'उलटा' या शब्दापाशी अडकले. पाया पडण्यात उलटं काय आहे? आपण तर रोज पडतो.

मग रविवारची रांग डोळ्यांसमोर आणली. आपण कुणाच्या पाया पडतो? धाकटा थोरल्याच्या. सून सासूच्या. मुलीकडचे मुलाकडच्यांच्या. म्हणजे ही एक शिडी आहे, आणि खालच्या पायरीवरच्यानं वरच्याकडे बघून वाकायचं असतं. कोण वाकलं यावरून कोण कुठल्या पायरीवर आहे ते सगळ्यांना कळतं. हा सुलटा डाव.

आता उलटा डाव कसा असतो, ते बघा.

शिखांचे दुसरे गुरू अंगद आणि तिसरे गुरू अमरदास. अंगददेवांची मुलगी बीबी अमरो ही अमरदासांच्या पुतण्याला दिलेली होती. म्हणजे अमरदास मुलाकडचे. शिवाय वयानं अंगददेवांपेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे. आपल्या रविवारच्या मांडवात हे दोघं असते, तर कोण कुणाच्या पाया पडलं असतं सांगा! पण सुनेच्या तोंडून बाणी ऐकली आणि हे वयस्कर गृहस्थ खडूरला जाऊन मुलीच्या बापाच्या पायाशी बसले. बारा वर्षं पहाटे उठून गुरूंच्या स्नानासाठी बियास नदीचं पाणी वाहिलं, असं परंपरा सांगते. व्याह्यांची शिडीच उलटी केली!

त्याआधीही असंच घडलं होतं. १५३९ साली नानकांनी आपल्यामागे गुरू म्हणून आपल्या लहण्याला निवडलं, त्याचं नाव अंगद ठेवलं, आणि मग स्वतः गुरूनं शिष्यापुढे माथा टेकवला. आणि १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला जे झालं ते तर सगळ्यांवर कडी. तोवर शीख होताना चरण पाहुल घ्यायची रीत होती. गुरूंच्या पायाच्या अंगठ्याचा स्पर्श झालेलं पाणी प्यायचं. गुरू गोविंदसिंहांनी ती रीत बदलली. लोखंडी भांड्यात पाणी, त्यात बत्तासे, आणि ते खंड्यानं, म्हणजे दुधारी शस्त्रानं, ढवळायचं. त्या पाण्यातून गुरूचा पाय त्यांनी स्वतःच काढून घेतला. आणि पाच प्यारे तयार झाल्यावर त्या पाचांपुढे हात जोडून म्हणाले, आता मला द्या. त्या पाचांत द्वारकेचे मोहकमचंद होते, कपडे छापणाऱ्या छिंबा जातीचे. आपले नामदेवराय शिंपी, तसेच.

जे पाय धुऊन लोक पाणी पीत होते, त्या पायांचा धनीच खाली वाकला. नऊ वर्षांनी, १७०८ मध्ये, आपल्या नांदेडला गोदाकाठी त्यांनी देह ठेवला. तेव्हा गुरुपद कुणा माणसाला न देता ग्रंथाला दिलं. म्हणून आजही गुरुद्वाऱ्यात माथा टेकायचा तो गुरू ग्रंथसाहेबापुढे. पंजाबी घरांत थोरांना 'पैरी पैणा' म्हणून वाकतात, ती घरची माया झाली. पण कुणाही माणसाचे पाय गुरूचे म्हणून पुजायचे नाहीत.

नांदेडला मी एकदा गेलेय. उल्हासनगरला माझी एक सिंधी मैत्रीण आहे. फाळणीनंतर तिच्या आजोबांच्या पिढीनं तिथल्या छावणीत संसार मांडला, आणि त्यांच्या दरबारात गुरू ग्रंथसाहेबच असतो. तिच्याबरोबर कल्याणहून रात्रीची गाडी पकडून गेले होते. सचखंडात आत जाण्याआधी जोडाघरात चपला द्यायच्या होत्या. माझ्या चपलांना भरपूर चिखल होता. खिडकीतल्या पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या, प्रसाद घ्यावा तशा. मी ओशाळून म्हटलं, "बाबाजी, मैं रख देती हूँ।" ते नुसते हसले. बाहेर आल्यावर बघते तर चपला पुसून ठेवलेल्या! मैत्रिणीनं नंतर सांगितलं की ही सेवा मागून घेतात लोक. खिडकीपलीकडचा माणूस घरी कोण आहे, दुकानदार की साहेब की मजूर, कुणी विचारत नाही. येईल त्याच्या पायाची धूळ पुसायची, एवढंच.

त्या गृहस्थांना माझ्याबद्दल आदर होता का? त्यांना माझं नावही माहीत नव्हतं! मग ते नाटक होतं का? मुळीच नाही. इथे मला भाच्याच्या प्रश्नाचा पहिला धागा सापडला. पाया पडणं म्हणजे समोरच्याला दिलेलं गुणपत्रक, असं आपण धरून चाललोय. चांगला वागला तर वाकेन, नाहीतर नाही. मग वाकलेलाही मनातून परीक्षकाच्या खुर्चीतच बसलेला असतो की!

मग वाकायचं ते नक्की कुणापुढे? याला नामदेवरायांचीच गोष्ट घ्या. गुरू शोधत ते औंढा नागनाथला गेले, तर विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले! नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, बाबा रे, जिथे देव नाही अशा जागी माझे पाय उचलून ठेव. आणि ठेवावे तिथे पिंडी! नानकांच्या जन्मसाखीत अगदी हीच गोष्ट मक्केत घडते. पाय काबेकडे करून झोपलेले नानक, चिडलेला काझी, आणि तेच उत्तर. औंढा कुठे, मक्का कुठे. पण दोन्हीकडे शिकवण एकच आहे. देव नाही अशी जागाच नाही. मग माझ्या दादाच्या ठिकाणीही तो आहेच. दादाचा व्यवहार वाईट असला तरी. मी वाकते ती त्या देवापुढे. दादाच्या सातबाऱ्यापुढे नाही.

इथवर आले आणि मनातल्या मनात भाच्याला म्हटलं, बघ, तुझं चुकलं, वाकायला हवं होतंस.

पण थांबा. हे उत्तर फार सोपं आहे. आणि थोरली माणसं नेमकं हेच उत्तर वापरून गप्प बसवतात. "देव बघ त्यांच्यात, पड पाया, आणि विषय संपव." असं करून किती बहिणींच्या सह्या झाल्या असतील! आणि शिडी पक्की करायलाही हेच पाय वापरलेत आपण. पंढरपूरला विठ्ठलाच्या पायांवर डोकं टेकवणारे लोक शतकानुशतकं चोखोबांच्या माणसांना दाराबाहेर उभं करत होते. मंदिर सगळ्यांना खुलं व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपास करावा लागला. वाकणारी पाठ आपोआप नम्र असते, असं काही नाही.

म्हणून आता अमरदासांचीच आणखी एक गोष्ट सांगते. मला खरं उत्तर या गोष्टीनं दिलं.

अंगददेवांनी गुरुपद मुलाला दिलं नाही, अमरदासांना दिलं. मुलगा दातू याला ते सहन झालं नाही. काल आपल्या घरी पाणी भरणारा म्हातारा आज गादीवर! तो गोइंदवालला आला आणि भर संगतीत त्यानं अमरदासांना लाथ मारली. सत्तरी ओलांडलेले गुरू खाली पडले. उठले, त्यांनी दातूचा तोच पाय हातात धरला, दाबू लागले, आणि म्हणाले, माझी हाडं म्हातारी, कठीण झालीत, तुमच्या पायाला लागलं तर नसेल ना?

ही गोष्ट आपण इथेच थांबवतो. व्वा, काय नम्रता! पण पुढे काय झालं? अमरदासांनी गुरुपद दातूला दिलं का? नाही दिलं. तुम्हीच गुरू, असं म्हणाले का? नाही म्हणाले. ते गोइंदवाल सोडून आपल्या गावी, बासरक्याला गेले आणि एका खोलीत दार लावून बसले. इकडे दातू गादीवर बसला, पण संगत काही त्याच्याकडे फिरकली नाही. शेवटी बाबा बुड्ढांबरोबर लोक शोधत बासरक्याला आले. दारातून येणारा माझा शीख नाही, असं दारावर लिहिलेलं. म्हणून त्यांनी भिंतीला भोक पाडलं, आत गेले, आणि आपल्या गुरूंना परत आणलं.

म्हणजे बघा हं. पाय धरला, पण खोटं मान्य केलं नाही. पाय धरताना राग सोडला, सत्य सोडलं नाही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि आपल्या घरांत त्यांची गाठ पडून बसलीये. दादाला वाटतं, हे वाकले म्हणजे हिशोब मिटला. भाच्याला वाटतं, वाकलो तर हिशोब मिटेल, म्हणून वाकत नाही. आणि मी अर्धी वाकते, हिशोबही विचारत नाही. तिघांची चूक एकच. नमस्काराला आम्ही सहीचा अंगठा समजलो!

नमस्कारानं माझा अहंकार मिटतो. व्यवहार मिटत नाही. तो बोलूनच मिटवावा लागतो. उलट, वाकून झाल्यावर तो जास्त सरळ बोलता येतो, कारण मग समोरच्याला खाली पाडायचं नसतं, फक्त खरं ते सांगायचं असतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगते, कारण तुमच्यातल्या काहींना ती हवी असेल. ज्या माणसानं तुमच्या अंगाला हात लावला, मारलं, छळलं, त्याच्यापुढे वाकायला कुठलाही संत तुम्हाला भाग पाडत नाही. अमरदासही दातूच्या गावात राहिले नाहीत, दूर गेले. दूर राहणं म्हणजे उर्मटपणा नव्हे. त्या माणसाचं वाईट चिंतायचं नाही, हाच तिथला नमस्कार.

आणि दुसरी गोष्ट थोरांसाठी. त्यात मीही आले, कारण आता माझ्याही पाया पडणारे झालेत. वारीत दोन वारकरी भेटले की काय होतं, आठवा. एक वाकला की दुसराही वाकतो. वय नाही, जात नाही, दोघंही माऊली. एकाचा हात दुसऱ्याच्या पायाला, दुसऱ्याचा पहिल्याच्या. शीख एकमेकांना भेटले की दोघंही तीच फतेह बोलवतात, थोर आणि धाकटा यांचे शब्द वेगळे नाहीत. म्हणजे ज्याच्या पाया पडतात त्याच्यावरही काम असतं. आपल्याला मिळालेला नमस्कार खिशात घालायचा नाही, पुढे द्यायचा. नामदेवरायांनी काय मागितलं? महाद्वाराची पायरी. येणाऱ्या संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून. गंमत अशी की आपण त्या पायरीवर पाय देतच नाही, ओलांडून जातो आणि तिलाच नमस्कार करतो! ज्यानं सगळ्यांचे पाय मागितले, त्याला सगळ्यांचे माथे मिळाले. पण मागताना त्यांनी माथे मागितले नव्हते.

बुधवारी मी बदलापूरहून लोकल पकडून शेलूला गेले. दादा ओटीवर पेपर वाचत होता. मी वाकले, आणि या वेळी हात पूर्ण खाली नेले. आठ वर्षांनी दादाचे पाय हाताला लागले. टाचा भेगाळल्यात त्याच्या. म्हातारा झालाय, हे मला तेव्हा कळलं. तो गडबडून म्हणाला, "अगं, राहू दे, राहू दे."

मग मी त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, "दादा, माझी सही मी परत मागत नाहीये. पण विकलेल्या तुकड्याचा हिशोब तू धाकट्याला कागदावर दे. लग्नाआधी. मी परत येणार आहे विचारायला."

तो बराच वेळ बोलला नाही. पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे हो पण असतं आणि नाही पण. मला माहीत नाही यातलं कुठलं. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. पण येताना लोकलच्या दारात वारा खात उभी होते, तेव्हा एक जाणवलं. आठ वर्षं प्रत्येक भाऊबीजेनंतर घशात जो काटा असायचा, तो नव्हता.

भाच्याला फोन करून एवढंच सांगितलं. वाक असंही म्हटलं नाही, वाकू नको असंही नाही. तो जरा वेळानं म्हणाला, "आत्या, म्हणजे आधी पाया पडायचं आणि मग भांडायचं?"

मी म्हटलं, "भांडायचं नाही रे. बोलायचं. पाया पडल्यावर भांडण होतच नाही, बोलणंच होतं. करून बघ."

आजचा संकल्प, मंडळी : आज एकदा तरी अशा कुणाला मनापासून नमस्कार करू या, ज्याला करायची आपल्याला 'गरज' नाही. सोसायटीतल्या झाडूवाल्या मावशी, लिफ्टमधले काका, ऑफिसातली आपल्या हाताखालची मुलगी. हात पायापर्यंत गेलाच पाहिजे असं नाही. मन गेलं तरी पुरे. आणि एखाद्यापुढे वाकून खरं बोलायचं राहून गेलं असेल, तर तेही आजच.

उद्या नामदेवरायांचं पुढचं पद.

राम कृष्ण हरी. वाहेगुरू.